डावा हात वर

“मग ते शिकत का नाहीत, गुरुजी?”

अत्तार गुरुजी पोतं शिवत होते. गोणपाटाच्या घडीत दाभण खुपसला, पलीकडून ओढून घेतला, सुतळी ताणली आणि गाठ दातांनी आवळली.

गावाबाहेरच्या दर्ग्यामागं त्यांची एक खोली. खोलीपुढं चिंच. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, पण गुरुजी अजून शाळेचंच काम करतात. जुन्या पोत्यांची बसकरं शिवतात, मुलांना बसायला. शाळेत भिंतभर टीव्ही आला आहे. फरशीवर अंथरायला सतरंजी नाही. टीव्ही देणाऱ्याचा फोटो छापून येतो, सतरंजी देणाऱ्याचा येत नाही, एवढंच त्याचं कारण.

समोर बसलेला माणूस हेमंत वाघमोडे. पहिली ते चौथी याच गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. आता स्वतः शिक्षक आणि तालुक्याचा तज्ज्ञ मार्गदर्शक, म्हणजे इतर शिक्षकांना शिकवावं कसं हे शिकवणारा. फेटा बांधून पुरस्कार घेतानाचा त्याचा फोटो पंचायत समितीच्या जिन्यात लावलेला आहे. जिना चढणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला तो बघावाच लागतो.

“मी काही लपवून ठेवत नाही,” वाघमोडे म्हणाला. “माझ्याजवळ आहे ते सगळं देतो. प्रशिक्षणात टाळ्या पडतात. फोटो निघतात. आणि सोमवारी जो तो आपल्या वर्गात जाऊन पूर्वीचंच सुरू करतो. माझ्या वर्गातली पोरं वर्तमानपत्र वाचतात, गुरुजी. आणि शेजारच्या...”

तो थांबला.

“शेजारच्या काय?”

“अडखळतात.”

“शेजारी कोण आहे?”

“कोळेकर मॅडम. तिसरीचा वर्ग.”

“मधली भिंत केवढी जाड आहे रे?”

वाघमोडेला हसू आलं. “भिंत कसली, गुरुजी! एका विटेची. तिकडचे पाढे इकडे ऐकू येतात.”

“म्हणजे तुझंही तिकडं जात असणार.”

“जात असेल की.”

“मग बाई रोज तुझं ऐकतात.”

...

“तू त्यांच्याकडे कधी गेला होतास?” असं गुरुजी विचारतील, म्हणून वाघमोडेनं उत्तर तयार ठेवलं. मला वेळ कुठं असतो, आज या केंद्रात, उद्या त्या केंद्रात. पण गुरुजींनी ते विचारलं नाही.

“मला शिकव,” ते म्हणाले.

“काय?”

“मास्तरांना शिकवतोस ते. मीही मास्तरच होतो. बघू तरी काय आहे.”

वाघमोडेनं मोबाईल काढला. त्यात सगळं होतं. चित्रं, बाण, रंगीत चौकटी. तो गुरुजींच्या बाजूला सरकला नाही. समोरच उभा राहिला आणि मोबाईल त्यांच्याकडे धरून बोलू लागला.

बोलायचा मात्र छान. ते नाकारून चालणार नाही. पुस्तकातला शब्द आधी द्यायचा नाही, पोराच्या तोंडचा शब्द घ्यायचा. शेळी म्हणाला तर शेळी. चूल म्हणाला तर चूल. तो शब्द मोठा लिहायचा, त्याच्यापुढं ठेवायचा, मग त्यातली अक्षरं एकेक सुटी करायची. गुरुजी लहान पोरासारखे मान पुढं काढून बघत होते. कुतूहल खरं होतं.

“समजलं, गुरुजी?”

गुरुजींनी डावा हात वर केला.

उजव्या हातात दाभण होता. वाघमोडे पुढं गेला. सुटी केलेली अक्षरं दुसऱ्या शब्दात कशी शोधायची, मूल चुकलं तर लगेच दुरुस्त का करायचं नाही, सगळं सांगितलं.

“आता समजलं?”

पुन्हा डावा हात.

“दाभण खाली ठेवा की, गुरुजी. लागेल कुठं तरी.”

गुरुजींनी दाभण खाली ठेवला. उजवा हात मांडीवर पालथा टेकवला. रिकामा. आणि डावा वर केला.

वाघमोडेचा मोबाईल धरलेला हात हळूहळू खाली आला.

...

“ही तुझ्या त्या चित्रांत नाही,” गुरुजी म्हणाले.

“कोणती?”

“ही.” डावा हात तसाच वर होता.

वाघमोडे खाली बसला.

ही युक्ती बाहेरच्या लोकांना माहीत नसते. वर्गात सांगून ठेवायचं, प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, येत नसेल त्यानं डावा. तपासणीला साहेब येतात. प्रश्न पडतो. सगळ्या वर्गाचे हात वर! साहेब खूश. मास्तर उजव्या हातवाल्या पोराला उठवतात, ते खडाखडा उत्तर देतं, वहीत शेरा पडतो, वर्ग उत्तम. डावे हात खाली येतात आणि वर्षभर खालीच राहतात. कुठल्याही परिपत्रकात हे लिहिलेलं नाही. पण परिपत्रक जिथं पोचत नाही तिथं हे पोचलेलं आहे.

“तू सांगितलीस ना मास्तरांना?” गुरुजींनी विचारलं.

“प्रशिक्षणात नाही सांगितली.”

“मग?”

“चहाच्या वेळी. बाहेर, टपरीवर. सहज विषय निघाला... तपासण्या वाढल्यात गुरुजी, लोक घाबरलेले असतात. म्हटलं, एवढं करा, निभावून जाईल.”

“कुणाकुणाला सांगितलीस?”

“होते ते सगळेच.”

“आणि त्यांना ती आली?”

वाघमोडे मोबाईल खिशात घालू लागला.

“आली का रे?”

“लगेच आली. आता सगळ्या तालुक्यात चालते.”

गुरुजींनी डावा हात खाली घेतला. “शिकतात की मग,” ते म्हणाले आणि दाभणात नवी सुतळी ओवू लागले.

...

चिंचेवर पाखरांचा कालवा चालला होता. वाघमोडेला राग आला होता. कुणाचा, ते त्याला कळत नव्हतं.

“पण हे असं का, गुरुजी? माझी चांगली पद्धत दोन वर्षं सांगतोय, ती कुणी उचलत नाही. आणि ही फालतू युक्ती एका चहात उचलली?”

“ती सांगताना तू कुठं होतास?”

“सांगितलं ना. टपरीवर.”

“टपरीवर कुठं?”

“बाकावर. त्यांच्यातच बसलो होतो.”

“आणि ही चित्रं दाखवताना?”

“व्यासपीठावर.”

गुरुजींनी मान हलवली. जणू कुणी गावाचा रस्ता सांगितला आणि तो लक्षात ठेवला, एवढीच.

“आणि ही युक्ती माझी नाही, गुरुजी,” वाघमोडे एकदम म्हणाला. इतका वेळ दाबून ठेवलेलं बाहेर आलं. “ती तुमची आहे! तुमच्या वर्गात मी शिकलो. साहेब आले की आमच्या वर्गाचे सगळे हात वर असायचे. तुम्हीच शिकवलं होतंत, येणाऱ्यानं उजवा, न येणाऱ्यानं डावा.”

“माझीच आहे,” गुरुजी म्हणाले.

वाघमोडेला इतकं सरळ उत्तर अपेक्षित नव्हतं.

“साहेब रोज यायचे का रे आपल्या वर्गात?” गुरुजींनी विचारलं.

“नाही. वर्षातून एखाद वेळी.”

“आणि हात?”

वाघमोडे आठवू लागला. हात रोज वर व्हायचे. सकाळी, दुपारी, गणिताला, वाचनाला. साहेब नसतानाही. “रोज,” तो म्हणाला. “का बरं, गुरुजी? साहेब नसताना कशाला?”

“डावा वर करणाऱ्याचं पुढं काय व्हायचं?”

“ते... मला माहीत नाही.”

“कसं माहीत असणार?” गुरुजी हसले. “तुझा कायम उजवा. उजव्यांना मी फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावायचो. तू मान खाली घालून लिहीत बसायचास. अक्षर छान होतं तुझं.”

“आणि डावे?”

“सगळ्यांचे हात वर असले की कुणाला येत नाही ते शेजारच्या पोराला कळत नाही. पोरगं लाजत नाही. मला समोरून तेवढं कळतं. मग मी जाऊन त्याच्या बसकरावर बसायचो. म्हणायचो, कुठं अडलंय, दाखव.”

...

“माझ्या बसकरावर तुम्ही कधी बसला नाहीत,” वाघमोडे म्हणाला.

“तू कधी बोलावलं नाहीस.”

गुरुजींनी टाका घातला. वाघमोडे गोणपाटाकडे बघत राहिला. चाळिशी उलटलेला, पुरस्कार मिळालेला माणूस, पण चेहरा मधल्या सुट्टीत एकट्या राहिलेल्या पोरासारखा झाला होता.

“कोळेकर बाईंना नोटीस आलीय म्हणतात,” गुरुजी म्हणाले.

म्हणजे इथंही बातमी पोचली होती.

गोष्ट अशी घडली होती. तालुक्याचे शिक्षणाचे साहेब मागच्या आठवड्यात तिसरीच्या वर्गात आले. मॅडमनी प्रश्न विचारला. सगळे हात वर. पण हे साहेब नवीन, त्यांनी मॅडमना कुणाला उठवू दिलं नाही, स्वतःच एका मुलीकडे बोट केलं. मुलगी उभी राहिली आणि गप्प. साहेब म्हणाले, येत नव्हतं तर हात कशाला वर केलास? मुलगी खरं तेच बोलली. म्हणाली, मी डावा केला होता, सर.

झालं. मुलांना खोटेपणा शिकवल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस. वेतनवाढ थांबणार, शिवाय डोंगराकडच्या शाळेवर बदली. ही युक्ती कुणी शिकवली, असं साहेबांनी चारचौघांत विचारलं. मॅडम म्हणाल्या, माझी मीच केली.

त्या वेळी वाघमोडे साहेबांच्या शेजारी उभा होता.

“शनिवारी आमच्या शाळेत शिक्षण परिषद आहे,” तो आता म्हणाला. “केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक येणार. साहेब पण. माझा नमुना पाठ आहे. आणि साहेबांनी सांगितलंय, पाठाच्या आधी या प्रकरणावर दोन शब्द बोला. तज्ज्ञ म्हणून. असे प्रकार का होतात आणि कसे टाळावेत.”

“मग?”

“मी काय बोलू, गुरुजी?”

गुरुजी आजूबाजूला चाचपत राहिले. “सुतळी संपली बघ,” ते म्हणाले.

...

शनिवार.

शिक्षण परिषद दर महिन्याला भरते. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकावं, म्हणून ती काढली. कल्पना कुणाची होती कोण जाणे, पण चांगली होती. आता तिचा अहवाल आधी तयार होतो, परिषद नंतर होते. शिक्षक येतात, बॅनरपुढं फोटो काढतात, पोहे खातात आणि मागच्या रांगेत बसून वरून मागवलेली माहिती मोबाईलवर भरत राहतात. कुणी कुणाकडून काय शिकलं, हे विचारणारा रकाना त्या अहवालात नाही.

कोळेकर मॅडम दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. मागं लोक उभे होते, तरी रिकाम्या.

अत्तार गुरुजी आले. काखेत नवं बसकर. दोघातिघांनी उठून खुर्ची दिली. ती त्यांनी घेतली नाही. सगळ्यात मागं भिंतीशी बसकर अंथरून बसले.

साहेब बोलले. प्रामाणिकपणावर बोलले, मूल्यांवर बोलले, बराच वेळ बोलले. मग म्हणाले, “आता आपले तज्ज्ञ मार्गदर्शक वाघमोडे सर आपल्याला मार्गदर्शन करतील.”

वाघमोडे उठला. मागं पडद्यावर रंगीत चौकट लागलेली. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतल्यांनीही मोबाईल मांडीवर ठेवून वाजवल्या.

“ही डाव्या-उजव्या हाताची युक्ती,” तो म्हणाला, “कोळेकर मॅडमना मी शिकवली.”

मोबाईलकडे गेलेले मागच्या रांगेतले हात थांबले.

“सर,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “विषयाला धरून बोला.”

“विषय तोच आहे, साहेब.”

“तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना? मग नोटीस तुमच्या नावानं काढावी लागेल.”

“काढा. पण त्यांची मागं घ्या.”

साहेबांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी न पिताच पुन्हा लावलं. ना हो म्हणाले, ना नाही. साहेबांना असं उघड्यावर उत्तर द्यायची सवय नसते.

मागून कुणी तरी म्हणालं, “सर, मलाही तुम्हीच सांगितली होती की. वर चहाचे पैसे पण मीच दिले.”

हशा पिकला. “मला पण सांगितली!” आणखी एक आवाज. “मला फोनवर!” हसता हसता लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. मग हसणं आपोआप विरलं. तिथं बसलेल्या प्रत्येकाच्या वर्गात डावे हात होते.

वाघमोडे दाराकडे वळला. “मॅडम, मधली भिंत एका विटेची आहे. तुम्ही रोज माझं ऐकता. मी तुमच्या वर्गात कधी आलो नाही.”

कोळेकर मॅडम इतका वेळ खाली बघत होत्या. त्यांनी मान वर केली.

“येऊन काय केलं असतंत, सर?”

“म्हणजे?”

“अजून एक पाठ दाखवला असतात,” मॅडम म्हणाल्या. “तुमचे पाठ मला पाठ आहेत. शेळी, चूल, सगळं करून बघितलं. माझ्याकडं घरी दुसरीच भाषा बोलणारी पोरं आहेत, ऊसतोडीहून मधेच आलेली आहेत. ती शेळी म्हणतच नाहीत. तिथं तुमची ती पद्धत बंद पडते. पुढं काय करायचं ते विचारायला मी तुमच्या दारापर्यंत आले होते. दोनदा. तुम्ही पाहुण्यांना वर्ग दाखवत होतात.”

मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या.

“आता सांगा,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग होता, पण खरा प्रश्नही होता. “पुढं काय करायचं?”

वाघमोडेनं पडद्याकडे पाहिलं. रंगीत चौकटी, बाण, हसरी मुलं. त्यात हे नव्हतं. त्यानं समोर पाहिलं. सगळं केंद्र त्याच्या तोंडाकडे बघत होतं. साहेब घड्याळ बघत होते.

त्याचा उजवा हात सवयीनं थोडा उचलला गेला.

तो त्यानं खाली घेतला.

...

मग त्यानं डावा हात वर केला. पूर्ण वर. पहिलीतलं पोर करतं तसा, दंड कानाला टेकेपर्यंत.

“हे काय चाललंय?” साहेब म्हणाले. “पाठ कधी सुरू होणार?”

मागं भिंतीशी हालचाल झाली. अत्तार गुरुजी गुडघ्यावर हात देऊन उठले. बसकर झटकलं, काखेत मारलं आणि खुर्च्यांमधून वाट काढत पुढं आले. व्यासपीठाजवळ थांबले नाहीत. दाराजवळ कोळेकर मॅडमच्या खुर्चीपुढं त्यांनी बसकर अंथरलं. हातानं सपाट केलं. ऐसपैस शिवलं होतं.

वाघमोडे हात तसाच वर ठेवून व्यासपीठावरून खाली आला. बसकराच्या एका कडेला बसला.

मॅडम खुर्चीवरून उठल्या. क्षणभर त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग पदर सावरून दुसऱ्या कडेला बसल्या.

गुरुजी समोर उघड्या फरशीवर टेकले. दोघांपैकी कुणाकडेच न बघता, बसकराची शिवण बोटांनी चाचपत म्हणाले,

“हं... कुठं अडलंय, दाखव.”